जंतूंनी बनविलेला साबण : व्यापाऱ्याने हिशेब कसा लावावा?

गेल्या सीझनला मालेगावात आमच्या पेढीवर एक तरुण आला. एम.एस्सी. झालेला, ओळखीच्या घरातला मुलगा. हातात पाच लिटरचा कॅन आणि कॅनमध्ये काळ्या चहाच्या रंगाचे पाणी. त्याने कोऱ्या कँब्रिकचा एक तुकडा मागून घेतला आणि त्यावर साध्या पाण्याचा थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला. मग ग्लासभर पाण्यात कॅनमधले चमचाभर घालून त्याचा थेंब टाकला, तो बघता बघता कापडात मुरला. "चाचा, हे उसाच्या चिपाडावर वाढवलेल्या बॅक्टेरियाने बनवले आहे," तो म्हणाला. शेजारच्या गाळ्यातले एक व्यापारी तिथेच बसले होते. ते हसून म्हणाले, "म्हणजे आता कापडाला जरासीम लावायचे का?"

वाचकांपैकी जे आमच्यासारखे उर्दू शाळेत शिकले त्यांना हे हसणे समजेल. जरासीम म्हटले की हैजा, टीबी आणि टायफॉइड, एवढेच आमच्या डोक्यात बसले आहे. दूध विरजून दही होते ते याच जरासीमांच्या मेहनतीने, हे मास्तरांनी सांगितलेही असेल. पण परीक्षेत विचारले नाही म्हणून लक्षात राहिले नाही.

गोष्ट हसण्यावारी नेली असती, पण दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. त्यांचे बारा लूम आहेत. सहा लूम भंगारच्या भावात काढून मुलाला टाक्या आणि मशिनरी घेऊन द्यावी, तो कचऱ्यापासून केमिकल बनवील आणि आम्ही ते प्रोसेसवाल्यांना विकून द्यावे, असा त्यांचा बेत. कच्चा माल फुकटात आहे, मग तोटा होईलच कसा, हा त्यांचा सवाल. आम्ही त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली आणि डाईंग मास्तर, तेल गिरणीवाले व कॉलेजात शिकविणारे अशा अनेकांकडे विचारपूस केली. त्यातून आमचे मत असे झाले की हा माल उद्याचा आहे, परंतु तो आपल्या गोदामात बनविण्याचा नाही. आणि फुकटच्या कचऱ्यातून सोने निघते असे जो सांगेल त्याला आधी चहा पाजावा, मग हिशेब विचारावा.

आधी माल काय आहे ते पाहू. कोऱ्या कापडावर पाणी उभे राहते याचे कारण कापसाच्या धाग्यावर निसर्गतःच मेण असते. त्यावर साइझिंगमध्ये ताण्याला खळ चढविलेली असते, आणि लूमवर उडालेले तेल वेगळेच. हे सर्व काढल्याशिवाय रंग सारखा बसत नाही. म्हणून प्रोसेस हाऊसमध्ये पाण्याबरोबर वेटिंग एजंट टाकतात. साबण, धुण्याची पावडर, शाम्पू आणि वेटिंग एजंट हे सगळे एकाच खानदानातले, त्या खानदानाचे नाव सरफॅक्टंट. त्याच्या प्रत्येक कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. बाजारात एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पार्ट्यांचा सौदा दोघांच्या ओळखीचा दलाल जमवून देतो, तसेच हे काम आहे.

आमच्या वालिदा शेरवानी आणि रेशमी दुपट्टे रिठ्याच्या पाण्यात धूत असत. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते, तेही सरफॅक्टंटच, झाडाने बनविलेले. कारखान्यांना मात्र बारा महिने एकसारखा माल लागतो, त्यामुळे आज ड्रममध्ये येतो तो बहुतेक माल खनिज तेलापासून किंवा पाम-नारळाच्या तेलापासून बनलेला असतो. त्यात वाईट सगळेच नाही. पण एका जातीने आमचे हात पोळले आहेत, ती हकीकत सांगणे भाग आहे.

२०२२ साली आम्ही अकरा हजार मीटर कापड परप्रांतातल्या एका प्रोसेस हाऊसकडून तयार करून मुंबईच्या एका निर्यातदाराला दिले. त्याची उशांची कव्हरे होऊन युरोपला जायची होती. माल पांढराशुभ्र, हाताला मऊ, मोजमाप बरोबर. तीन आठवड्यांनी लॅबचा कागद आला आणि माल परत. त्यात नॉनिलफेनॉल इथॉक्सिलेट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. हा शब्द आम्ही आयुष्यात पहिल्यांदा वाचला. प्रोसेसवाला छातीवर हात ठेवून सांगत होता की आम्ही असले काही वापरतच नाही. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या वेटिंग एजंटच्या ड्रमवर नुसते कंपनीचे नाव आणि पुढे 'सुपर' असे लिहिलेले, आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हते. शेवटी तो माल आम्ही इथल्याच बाजारात मिळेल त्या भावाने काढला.

हा पदार्थ स्वस्त आणि कामाला चोख, म्हणून वर्षानुवर्षे चालला. पण नदीत गेल्यावर तो तुटून त्याचे नॉनिलफेनॉल होते, ते लवकर नष्ट होत नाही आणि माशांच्या शरीरात मादीच्या हार्मोनसारखे काम करते. युरोपने आपल्याकडच्या कारखान्यांत त्याचा वापर २००५ पासूनच बंद केल्यासारखा केला होता. पण बाहेरून येणाऱ्या कापडात तो येत राहिला आणि तिथल्या घराघरांत धुलाई होऊन त्यांच्या नद्यांत जात राहिला. म्हणून ३ फेब्रुवारी २०२१ पासून, धुतल्या जाणाऱ्या कोणत्याही कापडी मालात तो वजनाच्या ०.०१ टक्का किंवा अधिक असला तर तो माल तिथे विकता येत नाही. म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम. एवढीशी चीज आणि अकरा हजार मीटर परत!

त्यामुळे त्या तरुणाच्या कॅनकडे आम्ही हसून पाहू शकलो नाही. जंतू हा पदार्थ का बनवितात, हे कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी फार सोपे करून सांगितले. जंतूला तेल खायचे असते, पण तेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून तो स्वतःच दलाल तयार करतो आणि तेलाचे बारीक थेंब करून घेतो. मातीत राहणारा बॅसिलस सबटिलिस नावाचा जंतू सरफॅक्टिन बनवितो, ते जपानी शास्त्रज्ञांनी १९६८ साली जगापुढे आणले. स्युडोमोनास एरुजिनोसा नावाचा दुसरा जंतू ऱ्हॅम्नोलिपिड बनवितो. काही यीस्ट, म्हणजे खमिराच्या जाती, सोफोरोलिपिड बनवितात. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर धरतात, सरफॅक्टिन तो २७ पर्यंत खाली आणते आणि तेही फार थोड्या मात्रेत. शिवाय हे पदार्थ पाण्यात व मातीत लवकर विरून जातात. पालीजवळची बांडी नदी असो की इचलकरंजीची पंचगंगा, प्रोसेसच्या पाण्याने काय होते ते पाहिलेल्या माणसाला या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

जंतू आपल्या धंद्यात नवेही नाहीत. आज खळ काढण्यासाठी जे एन्झाइम टाकतात ते अमायलेज बॅसिलस जातीच्या जंतूंकडूनच मिळते. पूर्वी हेच काम ॲसिडने होई आणि मास्तर जरा चुकला की कापड कुजे. एन्झाइम आले तेव्हाही लोक महाग म्हणून हसले असतील, आज त्याशिवाय चालत नाही. पण ते एन्झाइम बनविणारे आपण नाही. आपण ड्रम विकत घेतो आणि ड्रमवरचे नावही नीट वाचत नाही.

आता फुकटच्या कच्च्या मालाकडे वळू. जंतूला पोटभर साखर किंवा तेल दिले की तो सरफॅक्टंट देतो. साखर विकत घेण्याऐवजी शेतीचा व कारखान्यांचा टाकाऊ माल द्यावा, ही कल्पना चांगली आहे आणि प्रयोगशाळेत सिद्धही झाली आहे. आपल्याच देशातल्या संशोधकांनी १९९७ साली साखर कारखान्याची मळी आणि मक्याच्या स्टार्च कारखान्यातले उरलेले पाणी वापरून असा माल बनविल्याचे प्रसिद्ध केले. ब्राझीलमध्ये कसाव्याचे, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाचे, पिळून काढलेले पाणी यासाठी वापरून पाहिले गेले. संत्र्याच्या सालीवर, बटाट्याच्या सालीवर, तेल गिरणीच्या सोपस्टॉकवर प्रयोग झालेले आहेत.

पण व्यापारी माणसाने इथे थांबून चिंधीची आठवण करावी. एके काळी चिंधी फुकट उचलून नेणाऱ्याचे आपण आभार मानीत होतो. आज ती किलोच्या भावाने विकली जाते आणि रंगाप्रमाणे भाव बदलतो. ज्याला गिऱ्हाईक मिळाले तो कचरा राहत नाही. मळीचे तेच झाले आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले, मळीला डिस्टिलरी हा खात्रीचा गिऱ्हाईक आहे. उसाचे चिपाड साखर कारखाना स्वतःच्या बॉयलरला जाळतो, वर वीज करून विकतो. सोपस्टॉक साबणवाले नेतात. त्या तरुणाने पहिल्या कॅनपुरते चिपाड रसवंतीवाल्याकडून गोणीत भरून आणले होते. रोज ट्रकभर लागू लागले की तोच रसवंतीवाला भाव सांगेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

जो खरोखर कोणाला नको तो कचरा म्हणजे ओला, सीझनचा आणि चार दिवसांत सडणारा. आमच्या नाशिक जिल्ह्यात कांद्याची पात आहे, द्राक्षाचा चोथा आहे, डाळिंबाची साल आहे. आम्ही हौसेने डाळिंबाच्या सालीबद्दल विचारले. प्राध्यापक म्हणाले, तिच्यात टॅनिन इतके की जंतूच मरतील, त्यापेक्षा ती रंगाला वापरा. नैसर्गिक रंगाई करणारे ती वापरतातच. चिपाडाचेही असेच काही आहे. त्यातली साखर लाकडासारख्या रेषांत बांधलेली असते, ती ॲसिडने किंवा एन्झाइमने सोडवावी लागते. ॲसिडने सोडविली तर फरफुरलसारखी द्रव्ये तयार होतात आणि ती जंतूंना मारक ठरतात, म्हणून पुन्हा सफाई. म्हणजे कच्चा माल फुकट मिळाला तरी तो ताटात वाढण्याजोगा करायला खर्च येतो.

आणि खरा खर्च तर पुढेच आहे. टाकी, त्यातला माल, हवा, सगळे निर्जंतुक करायचे, नाहीतर आपला जंतू राहतो बाजूला आणि भलताच वाढतो. कोमट उष्णतेत दिवसेंदिवस हवा सोडीत आणि ढवळीत ठेवायचे. बनतो तो पदार्थ फेसाचा, त्यात सोडायची हवा, त्यामुळे टाकी उतू जाते. काही कारखान्यांत तो फेसच बाजूला काढून त्यातून माल मिळवितात, ती युक्ती आम्हास आवडली. नंतर जंतू वेगळे करा, ॲसिड घालून पदार्थ खाली बसवा, सॉल्व्हंटने ओढून घ्या, सॉल्व्हंट उडवा. एकूण खर्चातला अर्ध्याहून अधिक भाग या माल वेगळा करण्यात जातो असे जाणकार धरतात.

मुलाच्या वडिलांसमोर आम्ही कागदावर साधा हिशेब मांडला. टाकाऊ मालावर केलेल्या प्रयोगांत एका लिटरमागे काही ग्रॅमच सरफॅक्टंट निघते. तीन ग्रॅम धरा. हजार लिटरच्या टाकीतून तीन किलो. त्यासाठी हजार लिटर पाणी उकळायचे, कित्येक दिवस कॉम्प्रेसर चालवायचा, आणि शेवटी उरलेले नऊशे नव्वद आणि काही लिटर ॲसिडचे पाणी टाकायचे कुठे? नदी वाचविण्यासाठी निघालेल्या धंद्याने आधी स्वतःच्या सांडपाण्याची सोय लावावी लागेल. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मुलाने सांगितले की परदेशी कारखान्यांत लिटरमागे याच्या अनेक पट माल काढतात. ते खरे आहे. पण ते शुद्ध साखर किंवा चांगले तेल देऊन, निवडलेले जंतू वापरून आणि मोठ्या पगाराची माणसे ठेवून काढतात.

एक धोक्याची गोष्टही आहे. ज्या स्युडोमोनास एरुजिनोसाचा माल उत्तम म्हणतात, तोच जंतू इस्पितळांत जळालेल्या रुग्णांच्या जखमांत आणि कमजोर फुप्फुसांत शिरतो आणि पुष्कळ औषधांना दाद देत नाही. वस्तीतल्या गोदामात, वर घर आणि खाली लूम अशा जागेत, त्याच्या टाक्या भरून ठेवणे हा विचारच नको. इथे जरासीमबद्दलचे आमच्या मास्तरांचे शिकविणे खरे ठरते.

मग हा धंदा कोणी करून दाखविला आहे का? होय. २०१९ साली युनिलिव्हरने दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात ऱ्हॅम्नोलिपिड घातलेले भांड्यांचे साबण बाजारात आणले. इव्हॉनिक या जर्मन कंपनीने स्लोव्हाकियात मोठा कारखाना उभारून २०२४ साली तो चालू केला. गुंतवणूक दहा कोटी युरोंच्या वर. आणि कच्चा माल कोणता, तर कचरा नव्हे, मक्याची साखर. एवढ्या पैशाच्या मालकांनी सुरुवात स्वच्छ साखरेने केली, यातच आमच्या दोस्ताच्या सवालाचे उत्तर आहे. साखर महाग पडते, पण रोज एकसारखी असते. कचरा स्वस्त पडतो, पण सोमवारचा आणि गुरुवारचा सारखा नसतो. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये शेड बदलली की गिऱ्हाईक काय बोलतो ते आपल्याला ठाऊक आहे.

आमच्या मते आपल्याकडे हे काम करायला योग्य जागा म्हणजे साखर कारखान्याची डिस्टिलरी. तिथे आंबविण्याच्या टाक्या सांभाळणारी माणसे आहेत, वाफ आहे, सांडपाण्याची व्यवस्था आहे आणि कच्चा माल दाराशी आहे. मार्गदर्शनालाही दूर जायला नको. माटुंग्याच्या आयसीटीमध्ये, जिला आपले लोक अजून यूडीसीटी म्हणतात, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या जातीच्या सरफॅक्टंटवर काम झालेले आहे. मालेगाव-भिवंडीच्या मुलांनी तिथे नोकरी किंवा पीएच.डी. करावी, यात कमीपणा नाही. आपण व्यापाऱ्यांनी काय करावे, तर माल तपासायला शिकावे आणि पसंत पडला तर खरेदीची खात्री द्यावी. ऑर्डर हातात असली की डिस्टिलरीवाला टाकी वेगळी काढण्याचा विचार तरी करील.

तपासण्यासाठी मोठी लॅब लागत नाही. प्रोसेस झालेल्या तुकड्यावर ड्रॉपरने थेंब टाका आणि तो किती सेकंदांत मुरतो ते घड्याळावर मोजा. तागा बदलून पाच ठिकाणी मोजा. दर किलोला नव्हे तर दर शंभर मीटरला किती पडला ते काढा. ड्रममध्ये असली माल किती टक्के आणि पाणी किती, हे आधी विचारा. महाग दिसणारा माल कमी मात्रेत काम करीत असेल तर हिशेब बदलतो. आमच्या नेहमीच्या 'सुपर' वाल्याला हा प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, शेठ, इतकी वर्षे कोणी विचारले नाही.

कुठे वापरावा हेही महत्त्वाचे. कॉस्टिक सोड्यात उकळण्याच्या बाथला हा माल उपयोगाचा नाही, कारण तीव्र गरम अल्कलीत त्याच्या कणातला जोड तुटतो. ज्या जेट मशीनमध्ये पाणी जोराने फिरते तिथे फेसाचा त्रास होईल. जिगर मशीनवर, एन्झाइमने खळ काढताना किंवा रंगाईनंतरच्या धुलाईत तो चालण्यासारखा आहे, मात्र आपल्या एन्झाइमशी त्याचे जमते की नाही आणि बोअरच्या जड पाण्यात तो कसा वागतो हे बघून घ्यावे. सॉफ्टनर बहुतेक उलट्या जातीचा असतो, दोन्ही एका बाथमध्ये टाकले तर दोन्ही वाया. आणि तारीख बघा. जो माल नदीत लवकर विरतो तो ड्रममध्येही नासू शकतो. 'बायो' आणि 'हर्बल' असे लेबल आजकाल काहीही चिकटवितो, त्या लेबलाखाली नॉनिलफेनॉल नाही असा त्याच लॉटचा लॅब रिपोर्ट असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. निर्यातीचा माल देणाऱ्या प्रोसेसवाल्याकडून तर हा कागद आजच मागावा, मग वेटिंग एजंट जंतूंचा असो की पेट्रोलचा. आम्ही २०२२ नंतर त्याशिवाय एक मीटरही दिलेला नाही.

आमच्या दोस्ताने लूम विकलेले नाहीत. घरात दोन महिने बोलाचाली बंद होती, मुलगा आमच्यावरही नाराज होता. मागच्या आठवड्यात तो पुन्हा आला, बॅसिलस जातीवर बनविलेला नवीन कॅन घेऊन. रंग थोडा उजळ आहे, वास अजून आहे. त्याच्या कॉलेजच्या लॅबमध्ये महिन्याला जेवढा निघतो तेवढा आम्ही विकत घेणार आहोत. ओळखीच्या एका प्रोसेसवाल्याने जिगर मशीन एका रविवारसाठी मोकळे देण्याचे कबूल केले आहे. चार तागे जातील, दोन नेहमीच्या मालावर आणि दोन याच्यावर, पाणी आणि मास्तर तेच. थेंबाचे सेकंद आणि शंभर मीटरचा खर्च, दोन्ही आकडे येतील तसे याच पानावर देऊ. वाईट आले तरी देऊ.